सोलापुरात जायंट अ‍ॅलियम का फुललं नाही, आणि त्या जागी काय लावावं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जुळे सोलापुरात तुमचं रो-हाऊस आहे, पुढे छोटं अंगण आणि वर गच्ची. परदेशी बागांच्या फोटोंत छातीएवढ्या उंच देठांवर जांभळे गोल गोंडे दिसतात, ते पाहून तुम्ही गेल्या वर्षी जायंट अ‍ॅलियमचे पाच कंद ऑनलाइन मागवले. ते नोव्हेंबरच्या मध्यावर आले. अंगणातल्या काळ्या मातीत भरपूर शेणखत घालून लगेच लावले. डिसेंबरअखेर पानं निघाली, वीतभर झाली, फेब्रुवारीत शेंड्याकडून वाळायला लागली आणि होळीपर्यंत आडवी पडली. उकरून पाहिलं तर कंद मऊ पडलेले आणि घाण वास मारणारे. तुम्ही विचारताय की माती चुकली, खत जास्त झालं की विकणाऱ्यानं फसवलं, आणि यंदा पुन्हा मागवायचे का. शिवाय घरात कुत्रा आहे, त्याला या झाडांचा त्रास होईल का.

मी सोलापूर शहरात आणि आसपास बागा लावून देण्याचं काम करतो आणि मोहोळ तालुक्यातल्या आमच्या शेतात कांदा बियाण्याचा प्लॉट घेतो. त्यामुळे हे कांद्या-लसणाचं कुळ मला शोभेच्या बाजूनंही माहीत आहे आणि शेतीच्या बाजूनंही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कंद सडले ते मातीमुळे, पण फूल न येण्याचा दोष मातीचा नाही. आपला हिवाळा त्या जातीला पुरत नाही. आणि तुम्हाला जो गोल गोंडा हवाय, तो देणारं अ‍ॅलियम आपल्या बाजार समितीत पोत्यानं येतं.

आधी जायंट अ‍ॅलियमबद्दल. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅलियम जायगँटियम. मूळ घर मध्य आशिया, इराण, अफगाणिस्तानचे डोंगर. तिथे पावसाळा नावाचा प्रकार नाही. शरद ऋतूत थोडी ओल मिळते तेव्हा कंद मुळं सोडतो, मग तीन-चार महिने कडाक्याची थंडी आणि बर्फ, वसंतात बर्फ वितळलं की पानं भराभर वर येतात, मे-जूनमध्ये फूल, आणि त्यानंतर सगळा उन्हाळा कोरड्या जमिनीत झोप. ही झोप महत्त्वाची आहे, तिच्याकडे परत येतो. देठ वर काढण्यासाठी या कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते, तीही ४ ते ९ अंशांची. 'पर्पल सेन्सेशन', 'ग्लोबमास्टर', ताऱ्यांसारख्या फुलांचं क्रिस्तोफी, या सगळ्या शोभेच्या जातींची गरज कमी-अधिक हीच आहे.

आता सोलापूर पाहा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचं किमान तापमान साधारण १५-१६ अंश असतं. लाट आली तर १० च्या आसपास उतरतं, पण ते चार-सहा दिवस. दिवसा तेव्हाही पारा ३० ला टेकतो. शिवाय पहाटेची थंडी हवेत असते, कंद असतो चार-सहा इंच खाली, आणि दिवसभर तापलेली काळी माती रात्रीत तेवढी निवत नाही. म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत आपण स्वेटर घालून फिरतो त्या दिवसांतही तुमच्या कंदाला थंडी अशी मिळालीच नव्हती. त्यानं साठवलेल्या अन्नावर पानं काढली, देठाची वेळ आलीच नाही, आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ३५ अंश लागल्यावर त्यानं उन्हाळा आला असं धरून पानं सोडून दिली. पानं आठ-दहा आठवड्यांत गेली म्हणजे नवीन अन्न साठलं नाही. तेव्हा कंद सडला नसता तरी पुढच्या वर्षी तो आणखी लहान होऊन उगवला असता.

सडण्याचं कारण वेगळं. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात तुम्ही भरपूर शेणखत घातलंत, आणि पानं पिवळी पडताना पाहून बहुतेक पाणीही वाढवलं असेल. हे जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण पिवळं पान पाहिलं की हात पाइपकडे जातो. पण कंदवर्गीय झाड पानं सोडायला लागलं की त्याला पाणी नको असतं. ओल, ऊब आणि कुजकं खत एकत्र आलं की बुरशीला आणखी काही लागत नाही.

विकणाऱ्यानं फसवलं का? तुम्ही लिहिलंय की कंद मुठीएवढे होते, कापल्यावर उग्र वास होता आणि पानं रुंद, राखाडी-हिरवी, पट्ट्यासारखी आली. हे वर्णन खऱ्या जायगँटियमचं आहे. माल खरा होता. सोलापूरचा पत्ता पाहून त्यानं 'तुमच्याकडे हे फुलायला अवघड आहे' एवढं सांगायला हवं होतं, हे मात्र खरं. याउलट निळ्या, लाल, सप्तरंगी जायंट अ‍ॅलियमच्या बियांची पाकिटं विकली जातात, ती अजिबात घेऊ नका. असल्या रंगांचं जायंट अ‍ॅलियम नसतं. आणि खरं बी मिळालं तरी ते रुजायला थंडी लागते, रुजल्यानंतर फूल यायला बरीच वर्षं जातात. ती वर्षं त्या रोपाला सोलापूरच्या मे महिन्यातून काढावी लागतील.

तरीही तुम्हाला एकदा तरी जांभळा गोंडा स्वतःच्या दारात पाहायचाच असेल, तर मार्ग आहे. मात्र ते एका हंगामाचं फूल समजायचं. एक किंवा दोन कंद घ्या, डझन नको.

फ्रिजमध्ये थंडी द्यायची. खालच्या भाजीच्या कप्प्यात साधारण ५ ते ८ अंश असतात, ते पुरतात. फ्रीजरमध्ये चुकूनही नको. भोकं पाडलेल्या पिशवीत किंचित ओलसर कोकोपीट घ्या, मुठीत दाबलं तर पाणी निघू नये इतपतच ओलसर, त्यात कंद ठेवा. कोरड्या कंदालाही थंडी लागते, पण ओलसर कोकोपीटमध्ये तो आतल्या आत मुळं धरायला लागतो आणि बाहेर आल्यावर वेळ वाचतो. दर आठवड्याला उघडून बुरशी पाहा. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू, पपई ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं कंदाच्या पोटातली कळी जळते. ज्या घरात फळांसाठी दुसरी जागा करणं जमत नाही, तिथे हा उद्योग करू नये असं मी स्पष्ट सांगतो.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. हॉलंडमधून येणारे कंद आपल्या हातात लवकरात लवकर ऑक्टोबरमध्ये पडतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आले, १२-१३ आठवडे फ्रिजमध्ये ठेवले, तर जानेवारीच्या सुरुवातीला कुंडीत जातील. पुढे त्यांना आपल्याकडे जेमतेम दीड महिना बरी हवा मिळते. गेल्या वर्षीसारखे मध्य नोव्हेंबरला आले तर फ्रिजमधून निघेपर्यंत फेब्रुवारीचा मध्य येईल, आणि मार्चमध्ये ३८ अंशांत देठ काढणं त्या कंदाला झेपणार नाही. म्हणून मागवतानाच विचारा, कंद आधी थंड करून दिलेले आहेत का आणि किती आठवडे. याचं नीट उत्तर मिळालं नाही तर मागवू नका. नोव्हेंबरनंतर हाती येणार असतील तरी नकोच.

लावायचे ते बारा इंची कुंडीतच, जमिनीत नाही. दोन भाग मुरूम चाळून, एक भाग बांधकामाची कच, एक भाग चांगलं जुनं शेणखत. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली पडेल अशी जागा, फेब्रुवारीच्या मध्यापासून वर पन्नास टक्क्यांचं शेडनेट. इतकं केल्यावरही देठ फोटोतल्यासारखा पाच फूट होईलच असं नाही. बहुतेक वेळा तो आखूड राहतो आणि गोंडाही लहान भरतो. काही कंद कळी आतच सुकवतात. फूल झाल्यावर कंद काढून टाका, जपून ठेवण्यात अर्थ नाही. कारण आता ती उन्हाळ्याची झोप आठवा. त्याच्या मूळ घरी ती कोरड्या मातीत होते, आपल्याकडे नेमकी तेव्हा जूनपासून ओल सुरू होते आणि सप्टेंबर तर सोलापूरचा सगळ्यात पावसाचा महिना. म्हणजे हिवाळा उबदार आणि झोप ओली. दोन्ही बाजूंनी त्याचं गणित इथे उलटं पडतं, आणि यातली एकच बाजू फ्रिजनं सुटते.

म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी वेगळंच लावून देतो. कांदा. जेवणातला, लाल, आपला कांदा.

कांदा हेही अ‍ॅलियमच. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅलियम सेपा, गोंडा तोच, घडण तीच. फरक इतकाच की पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी बी धरत धरत तो आपल्या हवेला बसवलाय. आपल्याकडच्या जातींना फुलावर यायला १० ते १५ अंशांच्या रात्री काही आठवडे मिळाल्या तरी पुरतात, आणि तेवढी थंडी सोलापुरात असते. किंबहुना शेतकऱ्याला ती कधी कधी नको तेव्हा मिळते. रांगड्या (खरिपानंतर लावलेल्या) कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे देठ, आले की आतला कांदा पोकळ होतो आणि भाव पडतो. शेतात जे नुकसान, तेच बागेत आपल्याला हवं आहे.

कंद कसे निवडायचे ते नीट सांगतो, कारण अर्धं यश इथेच आहे. नवरात्र ते दिवाळी या काळात बाजारात साठवणुकीचा उन्हाळी कांदा असतो. एन-२-४-१ किंवा तशाच टिकाऊ जातीचा, फिकट लाल, मान घट्ट मिटलेली, हातात घेतल्यावर वजनदार लागणारा. ६० ते ८० ग्रॅमचे कांदे चांगले. फार मोठा घेऊन फायदा नाही आणि गोटीएवढ्यातून एखादाच देठ निघतो. कोंब डोकावू लागलेला कांदा गृहिणी बाजूला टाकतात, बागेसाठी तोच आधी उचला. त्याची झोप संपलेली असते. घरच्या टोपलीत कोंब फुटलेले पाच-सात कांदे असतील तर तेवढ्यावरही सुरुवात होते. जोडकांदा मिळाला तर उत्तम, त्यातून देठ जास्त येतात. ओल्या मानेचा, काळी भुकटी धरलेला किंवा दाबल्यावर मऊ लागणारा नको.

लावण्याआधी वरचा एक तृतीयांश भाग सुरीनं सरळ कापून टाकायचा. शेतात आम्ही हे करतोच. त्यानं कोंब लवकर आणि एकसारखे निघतात, आणि आत सड असेल तर तिथेच दिसते. कापल्यावर आत किती डोळे आहेत तेही कळतं. दोन-तीन हिरवट टिंबं दिसली की तेवढे फुटवे धरायचे. बियाण्याच्या प्लॉटसाठी कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवतात, घरी त्याऐवजी ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची पावडर पाण्यात कालवून त्यात बुडवले आणि सावलीत तासभर सुकवले तरी चालतं.

मातीबद्दल तुमच्या अंगणात जाऊन पाहिल्याशिवाय ठाम सांगणं चुकीचं ठरेल. जुळे सोलापुरात एका प्लॉटला नुसता मुरूम लागतो आणि पलीकडच्या प्लॉटला तीन फूट काळी. बांधकामाचा राडारोडा पुरलेला असेल तर आणखी वेगळं. म्हणून एक साधी परीक्षा करा. फूटभर खोल खड्डा घ्या, संध्याकाळी पाण्यानं भरा. सकाळी पाणी जिरलेलं असेल तर तिथेच लावा. डबकं दिसलं तर विटा रचून नऊ इंच उंच वाफा करा आणि त्यात काळी माती, मुरूम आणि जुनं शेणखत सारख्या प्रमाणात भरा. काळ्या मातीला मी नावं ठेवत नाही, तिच्यात कस आहे. तिचं पाणी तेवढं वाहून गेलं पाहिजे. बोअरचं पाणी वापरत असाल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर चढत असेल, तर महिन्यातून एकदा नळाच्या पाण्यानं माती भरपूर धुऊन काढा. क्षार साठले की कांद्याच्या पातीचे शेंडे जळतात आणि लोक त्याला रोग समजून फवारे मारत बसतात.

लागवड दसऱ्यापासून दिवाळीच्या आठवड्यापर्यंत. याहून उशीर झाला तर थंडीचे दिवस कमी पडतात आणि फुलं उन्हात सापडतात. कापलेला कंद एवढाच पुरायचा की वर बोटभर माती येईल. शेतात आम्ही अंतर जास्त ठेवतो, बागेत मात्र वीतभर अंतरावर, सात-नऊ कंदांचा झुपका करून लावा. ओळीत लावलात तर भाजीचा वाफा दिसतो, झुपक्यात लावलात तर फुलझाड दिसतं. शिवाय देठ एकमेकांना आधार देतात. पाणी सुरुवातीला माती ओलसर राहण्यापुरतं, पुढे पाच-सात दिवसांनी. शेणखत आधी दिलेलं असेल तर बाकी खताची गरज नाही. युरिया टाकला की पात लुसलुशीत होते, वाऱ्यात लोळते आणि फुलकिडे जमतात.

आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. डिसेंबरात पातीच्या मधून देठ निघायला लागतो, आणि तो पातीपेक्षा वेगळा हे हाताला लगेच कळतं. गोल, पोकळ, खालच्या अंगाला फुगलेला, वर निळसर मेणाची भुकटी. बोट फिरवलं की ती पुसली जाते आणि खालचा गडद हिरवा रंग दिसतो. टोकाला पातळ कागदी वेष्टनात मिटलेली टोकदार कळी असते. एका कंदातून चार ते आठ देठ सहज येतात, उंची तीन ते चार फूट. संक्रांतीच्या सुमारास ते वेष्टन फाटतं आणि आतून शेकडो हिरवट कळ्या बाहेर येतात. सगळ्या एकदम उमलत नाहीत, आज इथली चार, उद्या तिथली दहा, असं करत एक गोंडा दोन ते तीन आठवडे चालतो. सगळे देठ धरले तर महिनाभर बहर मिळतो.

सकाळी साडेआठ-नऊला जवळ जाऊन एकच फूल पाहा. सहा पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या मधोमध हिरवी रेघ, सहा पुंकेसर. मध्ये बिजांडकोशाच्या बुडाशी मधाचा चकचकीत थेंब साठलेला असतो. त्या थेंबासाठी मधमाश्या येतात, आणि एकदा यायला लागल्या की दुपारपर्यंत हलत नाहीत. पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून फुलाला परागासाठी माशीची गरज असते. हे सगळं शाळकरी मुलाला भिंगातून दाखवण्यासारखं आहे.

रंगाबद्दल खरं सांगायला हवं. हा गोंडा पांढरा आहे, जांभळा नाही. तुम्हाला जांभळाच हवा असेल तर कांदा ती हौस भागवणार नाही. पण पांढऱ्या गोंड्यांच्या पायाशी निळा साल्व्हिया किंवा जांभळं गोमफ्रेना लावलं तर रंग बागेत येतो आणि आकार वर राहतो. होटगी रोडच्या एका बंगल्यात मी अशी जोडी लावून देतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पांढरे गोंडे कडेनं उजळतात, आणि रस्त्यावरून जाणारे थांबून विचारतात की हे कुठलं फूल. कांदा म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

आधार मात्र द्यावाच लागतो. देठ पोकळ असल्यानं वाऱ्यात मधूनच मोडतो आणि मोडलेला सावरत नाही. झुपक्याच्या चार कोपऱ्यांत बांबूच्या कामट्या रोवा आणि दीड फुटावर व अडीच फुटावर सुतळी फिरवा. हे देठ गुडघ्याएवढे असतानाच करायचं.

रोग-किडीत दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पातीवर चांदीसारखे ओरखडे दिसले तर फुलकिडे आहेत. निळे चिकट सापळे लावा, संध्याकाळी निंबोळी तेल फवारा, तेही गोंडे उमलायच्या आधी. फुलं उघडल्यावर कसलाही फवारा नको, मधमाश्या मरतात. दुसरं म्हणजे जांभळा करपा. जानेवारीत ढगाळ हवा आणि दव पडलं की देठावर लांबट, जांभळट डाग येतात आणि तिथूनच देठ मोडतो. घरच्या बागेत डाग पडलेली पात वेळेवर काढणं, पाणी मुळाशी देणं आणि वरून न शिंपडणं एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. आटोक्याबाहेर जायला लागलं तर कळी मिटलेली असताना मँकोझेब या बुरशीनाशकाची एक फवारणी, त्यात स्टिकर (औषध चिकटवणारं द्रव) घालून. मेणचट देठावर नुसतं औषध थांबत नाही.

एक विनंती मी प्रत्येकाला करतो. तुमचं घर बाळे, केगाव किंवा शहराच्या कुठल्याही कडेला असेल आणि जवळपास कुणी कांद्याचं बियाणं धरत असेल, तर बागेत कांदा फुलवू नका. मधमाशी तुमच्या गोंड्यावरचा पराग त्याच्या प्लॉटवर नेते आणि त्याच्या जातीत भेसळ होते. किमान एक किलोमीटर तरी अंतर हवं. ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्या बियाण्यावर आहे, त्याच्या दृष्टीनं आपले नऊ कंद ही छोटी गोष्ट नाही. वस्तीच्या मध्यात हा प्रश्न येत नाही, पण खात्री करून घ्यावी. आणि आपल्या गोंड्यातलं बी मार्च-एप्रिलमध्ये काळं होऊन तयार होतं, ते पातीसाठी घरी पेरायला ठीक. ते कुणाला शेतासाठी देऊ नका, जात शुद्ध नसते.

इथवरचं एकत्र सांगायचं तर जायगँटियम फ्रिजच्या जोरावर एकदा, कुंडीत, तेही कंद वेळेवर आले तरच. दरवर्षीच्या गोल गोंड्यासाठी कांदा, दसरा-दिवाळीला लावून संक्रांतीपासून फूल. राहता राहिला पावसाळा आणि उन्हाळा.

पावसाळ्यासाठी गार्लिक चाइव्ह लावा, अ‍ॅलियम ट्युबरोसम. चपटी, गवतासारखी पात, लसणाचा वास, आणि पावसाळ्याच्या दिवसांत दोन-दीड फूट देठांवर पांढऱ्या चांदण्यांचे झुपके. गोंडा पूर्ण गोल नसतो, वरून थोडा चपटा असतो. याला थंडीची अट नाही आणि आपला उन्हाळाही ते दुपारच्या सावलीत काढतं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं, दोन-तीन वर्षांनी गड्डा उपटून चार भाग करायचे. पात कापून थालीपिठात, आमलेटमध्ये, पिठल्यात घाला. फुलं वाळायच्या आत कापा, नाहीतर बी पडून सगळीकडे रोपं उगवतात. साध्या चाइव्हचं रोप मिळालं तर ते नको. गोल नळीसारख्या पातीचं ते झाड थंड हवेचं आहे, एप्रिलमध्ये माना टाकतं.

जांभळा रंग हवाच, तर सोसायटी गार्लिक. हे खरं अ‍ॅलियम नव्हे, दक्षिण आफ्रिकेतलं चुलत भावंड, पण फिकट जांभळ्या फुलांचे झुपके वर्षात पुन्हा पुन्हा येतात आणि ऊन सोसतं. पानं चुरगळली की लसणाचा उग्र वास येतो, म्हणून खिडकीखाली किंवा बसायच्या जागेजवळ लावू नका. पांढऱ्या कांद्याच्या झुपक्याभोवती याची कड केली तर फोटोतल्या बागेच्या बरंच जवळ जाता येतं. तुमच्या अंगणासाठी मी हीच मांडणी सुचवेन.

आणि मे महिन्यात, जेव्हा बाकी बाग जळालेली असते, तेव्हा फुटबॉल लिली. लालभडक, पूर्ण गोल गोंडा, कांद्याच्या गोंड्यापेक्षा मोठा. अर्धी सावली, हिवाळ्यात पाणी बंद, कंदाची मान मातीच्या पातळीला, आणि एकदा लावल्यावर उगाच उकरायचं नाही. तिचा कंद विषारी आहे. स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या टोपलीजवळ किंवा बागेसाठी बाजूला काढलेल्या कांद्यांत तो कधीही ठेवू नका, ठेवायचाच झाला तर चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात.

आता कुत्र्याचं. कांदा, लसूण, चाइव्ह, जायंट अ‍ॅलियम, या सगळ्यांतली सल्फरची द्रव्यं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मांजराला त्रास लवकर होतो, पण कुत्र्यालाही होतो, आणि लक्षणं खाल्ल्या दिवशी न दिसता दोन-चार दिवसांनी दिसू शकतात. सुस्ती, फिक्या हिरड्या, गडद लालसर लघवी असं काही दिसलं तर थांबू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि कांदा खाल्ल्याचा संशय आहे हे आधी सांगा. तुमचा कुत्रा माती उकरणारा असेल तर अंगणात लावायचा विचार सोडून द्या आणि सगळं गच्चीवरच्या कुंड्यांत करा, गच्चीचं दार बंद ठेवून. उकरणारा नसेल तर वाफ्याभोवती दोन फूट जाळी पुरेल, मात्र फुटबॉल लिली तरीही गच्चीवरच. कंद लावताना कापलेले शेंडे अंगणात पडू देऊ नका, आणि मार्चमध्ये उपटलेले गड्डे उघड्या कचऱ्यात न टाकता थेट घंटागाडीत द्या.

दसऱ्याला अजून वेळ आहे. तोवर खड्ड्याची परीक्षा करा, आणि अंगणात डिसेंबरमध्ये किती तास ऊन येतं ते आठवून इथे लिहा. दक्षिणेला शेजारचं दुमजली घर असेल तर हिवाळ्यात त्याची सावली लांब पडते, आणि पाच तासांपेक्षा कमी ऊन असेल तर मी तुम्हाला कांदाही गच्चीवरच लावायला सांगेन.